श्री. ऑर्डिनरिली यांस

रा. रा. ऑर्डिनरिली,
मु. पो. कलम १२, पोटकलम ४,
कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५

सा. न. वि. वि.

आपली ओळख गेल्या महिन्यात झाली. आमच्या मजल्यावरची मुलगी, माहेर धुळ्याकडचं, इथे सिल्वासात मसाटच्या बाजूला धाग्याच्या कारखान्यात कोन पॅक करते. नवऱ्याने तिची बोटं दारात चेमटवली, म्हणून तिने अर्ज टाकला. मी सोबत होते. आदल्या रात्री कायदा वाचून काढला होता, त्यामुळे मान ताठ. अर्ज पोचल्यापासून तीन दिवसांत पहिली सुनावणी, असं छापलंय! खिडकीतल्या कारकुनाने तारीख सांगितली ती त्रेचाळीस दिवसांनंतरची. मी पान उघडून पुढे केलं. त्यांनी शांतपणे तुमच्यावर बोट ठेवलं. "मॅडम, 'ऑर्डिनरिली' लिहिलंय. म्हणजे साधारणपणे."

कोर्ट कुठलं ते राहू दे. माझं भांडण तुमच्याशी आहे.

काय वजन हो तुमचं! एक शब्द, पण तीन दिवसांवर बसलात की त्यांचे त्रेचाळीस होतात. तुमचं घराणंच मोठं. शेजारच्या पोटकलमात धाकटे बंधू 'प्रयत्न करावा' राहतात. साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न. कलम १३ मध्ये मेहुणे 'वाजवी मुदत'; नोटीस दोन दिवसांत बजावायची, नाहीतर यांच्या सवडीने. मार तेवढा बिनविशेषणाचा. तो पगाराच्या दिवशी वेळेवर पडतो.

लोक म्हणतात, या कायद्याला पैसे लागत नाहीत. खरंय. बाईला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट, उत्पन्न कितीही असो. पण कोर्टात गेलेल्या दिवसाचा खाडा कोण भरणार? अर्जाला एक, शपथपत्राला एक, 'आज साहेब रजेवर आहेत'ला एक. ठेकेदाराने परवा विचारलं, "तेरी और कितनी तारीख है?" हा प्रश्न काळजीचा नव्हता. झेरॉक्स आणि रिक्षाचं मी बोलतच नाही.

आणि नोटीस! नवरा हल्ली वापीला राहतो. अर्ध्या तासाची वाट, पण मध्ये गुजरातची हद्द. नोटीस गेली आणि 'पत्ता अपुरा' शेरा घेऊन परत आली. आमच्या या मुलखाला वाटेच्या भांडणाची जुनी सवय आहे म्हणा. दमणहून इथे यायला वाट मिळावी म्हणून पोर्तुगालने १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. निकाल १९६० मध्ये लागला, साध्या माणसांना आणि मालाला जाण्याचा हक्क होता म्हणे, सैन्याला नव्हता. पण सिल्वासा १९५४ सालीच त्यांच्या हातचं गेलेलं. हक्क मिळाला तेव्हा जायला ठिकाणच उरलं नव्हतं. तो निकाल तुमचा कुणी लागतो का?

अर्जानंतर सत्ताविसाव्या रात्री नवरा आला. दार वाजवत राहिला, साडेअकरा ते एक. पोलिसांना फोन लावला तर पलीकडून विचारणा, "ऑर्डर आहे का?" ऑर्डर असती आणि त्याने मोडली असती, तर कलम ३१ खाली वर्षभरापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. पण नसलेली ऑर्डर मोडायची कशी? एकतर्फी अंतरिम आदेशाचीही सोय आहे, कलम २३. त्यासाठी फाईल न्यायाधीशांपुढे जावी लागते, आणि फाईल जाते तारखेला. "हात उचलला तर कळवा," म्हणाले. अहो, हात उचलू नये म्हणूनच तर ती कोर्टात गेली होती! बोटं चेमटून झाली आहेत तिची, अजून काय दाखवायचं? तुम्ही त्या रात्री दाराच्या आतल्या बाजूला उभं राहायला हवं होतंत, ऑर्डिनरिलीसाहेब, तिच्या पोराचं तोंड दाबून.

रागावले. थोडं तुमच्या बाजूनेही बघते. तुम्ही स्वतःहून कुठे आलात? मसुदा करणाऱ्याने ओळखलं असणार की न्यायाधीश कमी, फायली फार. तुम्ही नसाल तर रोज कोर्टच कायदा मोडेल. म्हणून तुम्हाला तिथे उभं केलं, हमालासारखं, सगळ्यांची ओझी डोक्यावर घ्यायला. कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना सांगावं लागलं, जिथे संरक्षण अधिकारी नाहीत तिथे सहा आठवड्यांत नेमा! तितकी वर्षं त्या रिकाम्या खुर्च्यांचा भारही तुम्हीच वाहिला असेल. मान दुखत असेल तुमची.

तिने दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून जाड कडी आणली. कडी बसवायला तारीख लागली नाही.

कळावे,
आपली,
दुसऱ्या मजल्यावरची

ता. क. आदेश निघाला की कलम २४ प्रमाणे त्याची प्रत मोफत मिळते. तिथे तुम्ही नाही आहात ना, हे मी दोनदा तपासलं.