क्षेत्र बारा इंच

माणसाला ताप आला तर भेटायला आलेली मंडळी औषध सांगण्याआधी निदान 'किती आहे?' एवढं तरी विचारतात. मिरचीच्या पानाला मुरड पडली की तेवढीही चौकशी होत नाही. बघणारा थेट उपचारच सांगतो. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत असे वैद्य मजल्यागणिक आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी मनी प्लँटखेरीज दुसरं काही नाही. मनी प्लँटला कधी काही होत नाही, त्यामुळे त्यांच्या हाताला यश आहे असा त्यांचा पक्का समज.

मिरची आजारी पडणं ही तशी अब्रूची गोष्ट. गुलाब मेला तर लोक 'गुलाबाचं जरा अवघडच असतं हो' म्हणून समजूत घालतात. तुळस वाळली तर विषयच काढत नाहीत. पण जी मिरची भाजीवाला कोथिंबिरीसोबत पिशवीत फुकट टाकतो, ती तुम्हाला जगवता येत नाही? म्हणून शेंड्याची पानं आकसायला लागली की पाहुण्यांना हॉलमध्येच चहा देऊन कटवावं, या मताची मी आहे. आमच्या सासूबाई मात्र गॅलरी दाखवल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत.

पहिला वाद पाण्याचा. वरच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी दारातूनच निकाल दिला, "पाणी कमी पडतंय." शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "छे, जास्त होतंय." आता मिरचीची खोड अशी, की दोन्ही आजारांत ती सारखंच तोंड पाडते. माती कोरडी असेल तर पाणी नाही म्हणून पानं लोंबतात. माती सतत चिंब असेल तर मुळांना हवा मिळत नाही, ती कुजायला लागतात, आणि भोवती पाणी असूनही वर काही चढत नाही. पानं पुन्हा लोंबतात. दुरून बघून यातलं काही कळणं शक्य नाही. मातीत दोन पेरं बोट घालावं लागतं. काकांनी बोट घालायला नकार दिला. बँकेतही ते फायलीत हात घालत नसत, असं काकूंचं म्हणणं. बाकी आमची गॅलरी पश्चिमेला. दुपारी तीनला पानं मान टाकतात आणि ऊन उतरल्यावर आपली आपण उभी राहतात. त्याला रोग म्हणत नाहीत, ठाण्याचा एप्रिल म्हणतात.

सासूबाईंचं निदान सगळ्यांत जुनं: दृष्ट. खालच्या मजल्यावरची कोणी 'काय लगडलीय हो मिरची!' म्हणाली होती आणि त्याच आठवड्यात पानं वळली. पुरावा भक्कम होता. त्या मूठभर मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेऊन गॅलरीत आल्या. मी म्हटलं, "अहो आई, मिरचीवरून मिरच्याच ओवाळायच्या?" त्या थबकल्या. जरा विचार केला, मिरच्या परत बरणीत टाकल्या आणि नुसत्या मीठ-मोहऱ्यांवर भागवलं.

पण हसण्याआधी एक लक्षात घ्या. पद्मश्री सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीत 'अग्निअस्त्र' नावाचं फवारणीचं औषध आहे. गोमूत्रात कडुनिंबाचा पाला, तंबाखू, लसूण आणि ठेचलेली हिरवी मिरची घालून ते उकळतात. म्हणजे मिरचीवरची कीड हटवायला मिरचीच. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यात तथ्य आहे. मिरचीचा जवळजवळ सगळा तिखटपणा फळाच्या आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. पानात तो जवळजवळ नाहीच. पानावर बसलेल्या किडीला आपण मिरचीच्या घरी जेवतोय याचा पत्ताच नसतो. शेतावर हे औषध करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, बंद खिडक्यांत, कोणी ते उकळायला घेऊ नये. लिफ्टमध्ये नोटीस लागते.

या सगळ्या वैद्यांत एक गोष्ट समान होती. पान उलटं करून एकानेही पाहिलं नाही.

मिरचीच्या पानाची खरी हकीकत मागच्या बाजूला लिहिलेली असते. सासऱ्यांचं पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग कपाटात पडून होतं, ते काढलं. आधी शेंड्याखाली पांढरा कागद धरायचा आणि फांदीला बोटाने टिचकी मारायची. कागदावर पेन्सिलीच्या टोकाने मारल्यासारख्या बारीक पिवळट रेघा पडतात. क्षणभर त्या धूळ वाटतात. मग त्यातली एक रेघ चालू लागते. हे फुलकिडे. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. हे पान खरवडून रस पितात, त्यामुळे पानावर चंदेरी चट्टे आणि त्यांच्या विष्ठेचे काळे ठिपके दिसतात, आणि पानाच्या कडा वर उचलल्या जाऊन पान होडीसारखं होतं.

कागदावर काही चाललं नाही, तर पान पुन्हा नीट बघा. कडा खाली वळल्यात का? शेंड्याची पानं अरुंद, देठ उगाच लांबलेले, मागची बाजू तांबूस तेलकट? मग तो कोळी. घरातल्या कोळ्याशी याचा संबंध एवढाच, की पाय दोघांनाही आठ. याची लांबी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, भिंगातही पाणीदार ठिपका हलल्यासारखा वाटतो एवढंच. उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवसांत फुलकिडे माजतात, दमट उकाड्यात कोळी. ठाण्यात दोघांचीही सोय आहे.

गावाकडे या सगळ्याला मिळून चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. पान आखडलं की बोकड्या, मग कारण फुलकिडा असो, कोळी असो की पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. उपाय मात्र तिन्हींचा वेगळा, आणि खरी गंमत इथे आहे. फुलकिड्याच्या बऱ्याच औषधांनी कोळी मरत नाही. उलट कोळी खाणारे त्याचे शत्रू मरतात आणि कोळ्याला रान मोकळं होतं. म्हणजे चुकीचं औषध नुसतं वाया जात नाही, ते रोगाच्या बाजूने कामाला लागतं.

कल्याणच्या एका कृषी सेवा केंद्रात मी गेले. पुढे उभा असलेला शेतकरी दोन एकर टोमॅटोचं औषध घेऊन गेला आणि माझा नंबर आला.

"काय पीक?"

"मिरची."

"क्षेत्र किती?"

"बारा इंच."

दुकानदाराने कॅल्क्युलेटर खाली ठेवला. मागे रांगेत कोणीतरी खोकलं. मला वाटलं, आता हा माणूस मला नर्सरीचा रस्ता दाखवणार. पण त्याने मोबाइलमधला फोटो मागितला, दोन बोटांनी मोठा केला आणि विचारलं, "ताई, पानं वर वळलीत की खाली?" इतक्या दिवसांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. मी म्हटलं, खाली. तो म्हणाला, "मग बाकी काही मारू नका. पाण्यात विरघळणारं गंधक न्या. ऊन उतरल्यावर मारा, पानांच्या खालून. आणि निंबोळीचं तेल मारलं असेल तर मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं करपतील." मी फळीवरच्या दुसऱ्या एका बाटलीकडे बोट दाखवलं. तिच्यावर लाल त्रिकोण होता. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर असा रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. "ते घरात नेऊ नका," तो म्हणाला. "ठेच्यात उतरेल."

गंधकाचा डोस लिटरला दोन ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा दोन ग्रॅमला हलतही नाही. शेवटी दागिने तोलायला घेतलेला छोटा काटा कामी आला. सोनं एवढं महागल्यापासून तो रिकामाच होता. पुडकं मात्र शेतीच्या मापाचं असतं. एवढ्या गंधकात आमच्या पुढच्या सात पिढ्यांची मिरची निरोगी राहील.

फुलकिडे किंवा मावा असेल तर दुकानापर्यंत जायचीही गरज नाही. रोप आडवं धरून नळाच्या धारेने पानांची खालची बाजू धुतली की निम्मी वस्ती वाहून जाते. मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून साध्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस बघायचं. भांड्यांचं लिक्विड किंवा कपड्यांची पावडर नको, पान त्यानेच भाजतं. फुलकिड्यांना निळं चिकट कार्ड लावतात, पांढऱ्या माशीला पिवळं. आमच्याकडे पिवळ्या कार्डाला पहिल्या दिवशी सासूबाईंचा पदर चिकटला. माशी दुसऱ्या दिवशी.

पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसणाऱ्या आजोबांचं औषध त्यांच्या तळहातावरच असतं. तंबाखू रात्रभर भिजवा, ते पाणी मारा. किडी मरतात हे खरं. निकोटीन जुनं कीटकनाशक आहे आणि माणसालाही विषच. पण मिरची, टोमॅटो, वांगं, बटाटा ही सगळी तंबाखूची भावकी आहे, आणि भावकीत रोग लवकर पसरतो. तंबाखूच्या पानाला होणारा मोझॅइक विषाणू सुकलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो आणि बोटांवरून मिरचीला लागतो. विज्ञानाला 'विषाणू' ही वस्तू उमगली तीच मुळी या तंबाखूच्या रोगातून. १८९८ साली मार्टिनस बायरिंक या डच शास्त्रज्ञाने हे जंतूपेक्षा काहीतरी वेगळं आहे असं सांगितलं. आजोबा वर आले, चंची काढली, तंबाखू मळता मळता मिरचीचा शेंडा चिमटीत धरायला वाकले, तशी मी ओरडले, "आजोबा, आधी हात धुवा!" त्यांना वाटलं पानं घेतली आहेत. हात धुऊन ते सरळ डायनिंग टेबलावर बसले. मग वाढलं.

खताबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. पानं पिवळी पडली की चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, केळ्याच्या सालीचं पाणी असं सगळं एकदम कुंडीत येतं. दुधा-साखरेचा चहा असेल तर मुंग्या येतात, आणि त्यांना गोड चिकटा देणारा मावा रोपावर आला की त्या त्याची राखण करतात. टरफलं विरघळायला इतका वेळ लागतो, की तोवर रोपाचं आयुष्य संपतं. त्यापेक्षा आधी कोणतं पान पिवळं पडलंय ते बघावं. खालची जुनी पानं सगळीच फिकटली तर नत्र कमी. नत्र झाडाला हलवता येतं, आणि वडिलांच्या पीएफमधून मुलाच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट जावं तसं ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना दिलं जातं. जुन्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल तर मॅग्नेशियम. तेच चित्र शेंड्याच्या कोवळ्या पानांत असेल तर लोह, कारण लोह एकदा एका पानात गेलं की तिथून हलत नाही. बऱ्याचदा लोह मातीत असतंही, पण माती फार ओली किंवा क्षारट झाल्याने मुळांना ते घेता येत नाही. तेव्हा लोहासाठी गंजलेला खिळा पुरण्याआधी कुंडीचं भोक मोकळं आहे का ते पाहा.

उपचार लागू पडला हे मात्र कोणाला पटत नाही, कारण एकदा वळलेलं पान पुन्हा सरळ होत नाही. काका आठवड्याने आले, तीच चुरगळलेली पानं पाहिली आणि म्हणाले, "काही फरक नाही, औषध बदला." बघायचा असतो नवा शेंडा. त्यातून सपाट पान आलं की रोग हटला. ते यायला दोनेक आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात निदान चार औषधं बदलायचा सल्ला मिळतो. कुंडीतल्या बऱ्याच मिरच्या किडीने जात नाहीत, या दोन आठवड्यांत जातात.

पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छ विषाणू असेल तर वाट बघण्यातही अर्थ नाही. नवी पानंही बारीक, पिवळट, गुच्छासारखी येतात, रोप खुजं राहतं, आणि भिंगाखाली कोळी-फुलकिडा काही सापडत नाही. त्यावर औषध नाही. असं रोप उपटून पिशवीत बांधून टाकावं, म्हणजे शेजारच्या कुंडीतला टोमॅटो तरी वाचेल.

आमच्या मिरचीला सध्या सपाट पानं येत आहेत. कोणाला बघायला यायचं असेल तर जरूर या. संध्याकाळी पाचनंतर, हात धुऊन. तंबाखू खाली पार्किंगमध्ये ठेवा, भिंग आम्ही देऊ. आणि गंधक हवं असेल तर भरपूर आहे, येताना डबी आणा.