जिन्यातलं बटण

भेलमधून निवृत्त झालेला माणूस वरच्या मजल्यावर राहत असेल, तर व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर घरात उघडू नये. सोल्डरच्या राळेचा वास जिन्याने वर जातो आणि पाठोपाठ माणूस खाली येतो. आमच्या पिपलानीच्या काकांची अख्खी नोकरी स्विचगिअरमध्ये गेली. १९५६ साली विलायतेच्या ए.ई.आय.ला हाताशी धरून सरकारने भोपाळसाठी हेवी इलेक्ट्रिकल्स काढली, ती काकांना बटणांवर मत देता यावं म्हणूनच, अशी मला शंका आहे.

अ‍ॅम्प मार्शलच्या घराण्यातला. कित्येक ऑर्केस्ट्रा आणि त्याहून जास्त मेकॅनिक पचवून माझ्याकडे आलेला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत मोठा दाब अडवून धरणारा मूळचा स्टँडबाय स्विच केव्हातरी गेला असावा. त्या जागी कुणा कारागिराने चक्क जिन्यातल्या दिव्याचं बटण ठोकलं होतं. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि बटणाच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली.

"२४० व्होल्ट, ए.सी. आणि इथे आहेत किती?"

"साडेचारशे. डी.सी."

काका मटकन मोड्यावर बसले. "अरे, ए.सी. सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. बटण उघडताना उडालेली ठिणगी त्या शून्यात विझते. डी.सी.ला शून्यच नाही! ती पेटली की बटण खाऊनच थांबणार. आणि मुळात हे हवंय कशाला?"

सगळे गिटारवाले देतात तेच उत्तर मी दिलं: व्हॉल्व्ह आधी तापू द्यावे लागतात, नाहीतर दाबाने कॅथोडचा लेप उडतो.

"आमच्या मर्फी रेडिओला कुठे होतं असलं बटण? त्याच व्हॉल्व्हवर आम्ही बिनाकापासून सिबाका गीतमालेपर्यंत आलो."

यावर बोलायला जागा नव्हती. लेप उडण्याचा आजार रेडिओ स्टेशनातल्या दांडग्या व्हॉल्व्हना होतो. चारशे-साडेचारशे व्होल्टवरच्या आपल्या चिल्ल्यापिल्ल्यांना तो बाधत नाही. उलट चहाच्या सुट्टीत त्यांना तासन्‌तास स्टँडबायवर तापत ठेवलं, तर कॅथोड बिनकामाचा बसून आळसावतो. हे बटण रूढ केलं लिओ फेंडरने. कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९६२ साली मार्शलवाल्यांनी त्याचा बासमन समोर ठेवून आपला पहिला अ‍ॅम्प बांधला, त्यात बटणही आलं.

लावायचंच म्हटलं तरी जागा अवघड. रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि पहिला मोठा कपॅसिटर यांच्यामध्ये लावा, तर तापल्यावर बटण दाबताक्षणी रिकामा कपॅसिटर असा करंट ओढतो की रेक्टिफायरच्या पोटात वीज चमकते. कपॅसिटरच्या पुढे लावा, तर दोन्ही बटणं बंद केली तरी तो कपॅसिटर सगळा दाब धरून बसतो, उघडणाऱ्याची वाट बघत. त्यावर उतारा म्हणजे बटणाच्या अलीकडे, कपॅसिटरला समांतर, २२० किलोओहमचा २ वॉटचा रेझिस्टर. ५० मायक्रोफॅरडचा साठा त्यातून मिनिटभरात ओसरतो.

आमच्यात तो रेझिस्टर अर्थातच नव्हता. प्लग काढून बराच वेळ झाला होता, तरी काकांनी मीटर मागितला. काळी तार चिमट्याने चासीला लावली. अशा वेळी एकच हात आत घालायचा आणि दुसरा खिशात ठेवायचा, म्हणजे करंटला छातीतून वाट मिळत नाही. काकांच्या पायजम्याला खिसा नाही. त्यांनी डावा हात बंडीत खुपसला आणि नेपोलियनसारखं उभं राहून उजव्याने लाल काडी टेकवली. २६० व्होल्ट.

"हा बंद आहे ना?" काकांनी थंडपणे विचारलं.

रेझिस्टर लागला, जिन्यातलं बटण निघालं, तारा थेट जोडल्या. राहिलं पॅनेलचं भोक. स्टँडबाय नसलेल्या अ‍ॅम्पला गिटारवाला हात लावत नाही, हे मी काकांना परोपरीने समजावलं. शेवटी तिथे एक झकास चकचकीत टॉगल बसला, पाठीमागे एकही तार नसलेला. "ही वायरिंग सेफ," काकांनी दाखला दिला.

परवा इतवाऱ्यातला एक दोस्त गिटार घेऊन आला. अ‍ॅम्प लावला, टॉगल खाली, आणि मिनिटभर हाताची घडी. त्या मिनिटात त्याने एक तार जरी छेडली असती तर गुपित फुटलं असतं. पण विधी चालू असताना तारेला हात लावायचा नसतो. मग त्याने टॉगल वर केला, एक कॉर्ड वाजवली आणि डोळे मिटले.

"को खां," तो म्हणाला, "गरम होने के बाद ही खुलती है आवाज़!"

वरच्या गॅलरीत काकांना जोराचा ठसका लागला.