आहेर आणू नये, पेस्टलमध्ये यावे

लग्नपत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ दिसली की पूर्वी माणसाला हायसं वाटायचं. आता धडधडतं. कारण पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ होऊन येते, तिला दुसरं पान असतं आणि त्या पानावर रंगांचे ठिपके असतात. मेंदीला हिरवा, हळदीला पिवळा, संगीतला रेट्रो बॉलिवूड, लग्नाला पारंपरिक, रिसेप्शनला पेस्टल. पाकिटातले 501 रुपये वाचले आणि चौघांच्या घराला वीस पोशाखांचा खड्डा पडला. यजमानांच्या उदारपणाबद्दल शंकाच नाही. त्यांनी आहेर नाकारलेला नाही, फक्त दादरच्या आणि लक्ष्मी रोडच्या दुकानदारांकडे परस्पर वळता केलाय.

या खुळाला राजमान्यता मिळाली 2024 साली. मार्चमध्ये जामनगरला अंबानींच्या लग्नाआधीचं लग्न झालं, तेव्हा एका कार्यक्रमाला पाहुण्यांना 'जंगल फीव्हर' असा वेश नेमून दिला होता. जुलैत मुंबईत खरं लग्न लागलं, तेव्हा एके दिवशी 'इंडियन फॉर्मल', एके दिवशी 'इंडियन शिक'. जामनगरला पाहुण्यांच्या दिमतीला साडी नेसवणारे आणि केस करणारे होते, असंही तेव्हा वाचलं. आमच्या डोंबिवलीच्या कार्यालयात वधूपक्षाच्या खोलीत एक आरसा असतो आणि एक प्लग. त्या प्लगवर एक स्ट्रेटनर, दोन मोबाइल आणि डासांचं मशीन. बायका अकरा. इंडियन शिक व्हायला प्रत्येकीला वेळ मिळतो चार मिनिटं, तोही 'अगं, अंतरपाट धरला!' अशी हाक येईपर्यंत.

हळदीचं तर सगळं उलटंच झालंय. हळदीचा डाग जन्मात जात नाही, हे ठाऊक असल्यामुळे आपल्या आज्या त्या दिवशी ट्रंकेतली सगळ्यात जुनी साडी काढायच्या आणि मग कोण कोणाला किती माखतंय याला धरबंध नसायचा. आता हळदीला नवा कोरा पिवळा कुर्ता लागतो. बऱ्याचदा भाड्याचा. मग मंडपात ऐकू येतं, "ए, हळद नको हं लावूस, डिपॉझिट जाईल!" म्हणून हळदीऐवजी झेंडूच्या पाकळ्या उधळतात. पिवळ्यातही जातीपाती आहेतच. लिंबू वेगळा, मोहरी वेगळा, आमरस त्याहून वेगळा. ग्रुपवर ठरलेला आमरस सोडून कुणी काका लिंबू घालून आले, तर फोटोग्राफर त्यांना प्रेमाने खांद्याला धरून मागच्या रांगेत, खांबाआड नेऊन उभा करतो. काकांना वाटतं, उन्हात उभं राहायला लागू नये म्हणून.

लग्नाच्या दिवशी 'पारंपरिक', म्हणजे शिवलेली नऊवारी. तिला कासोटा असतो, पण तो शिंप्याने आधीच घालून ठेवलेला. पाय घालायचे, वर ओढायची, चेन लावायची. या बाबतीत आमच्या आत्यांना, वय वर्षं ऐंशी, दाराशी सजलेल्या मुलींनी कौतुकाने विचारलं, "आजी, तुमची कुठल्या पॅटर्नची? पेशवाई की मस्तानी?" आत्या म्हणाल्या, "रोजची." मुलींनी ते नाव लिहून घेतलं.

पुरुषांना फेटा. कार्यालयाच्या दाराशी फेटेवाला उभा असतो, तो तुमच्या हातात कापडाचं एक टोक देतो आणि दोन मिनिटांत तुमचा सरदार करून सोडतो. वराकडचे केशरी, वधूकडचे जांभळे. दोन्हीकडून आमंत्रण असलेल्या माणसाने काय करावं, हे पीडीएफमध्ये कुठेही नाही. मे महिन्यात ती सरदारकी मंगलाष्टकं संपेपर्यंत टिकते. त्यानंतर फेट्याचा उपयोग जेवणाची खुर्ची अडवायला. रुमालापेक्षा बरा, लांबून दिसतो.

पण खरी पंचाईत रिसेप्शनची. नवरात्रातले नऊ रंग वर्षानुवर्षं पाळून लोकलमधल्या आपल्या बायका रंगांच्या बाबतीत कुणाला हार जाणाऱ्या नाहीत. राखाडीसुद्धा पचवलाय त्यांनी. तरी पेस्टलपुढे त्यांचं काही चालेना. कारण समारंभ म्हटलं की कपाटातून निघते ती पैठणी. येवल्याच्या हातमागावर महिनोन्महिने बसून विणलेली, 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालेली, राणी रंगाची, पदरावर मोर. भाचीने मावशीला स्पष्टच सांगितलं, "बॅकड्रॉप ऑफ-व्हाइट आहे गं, पैठणी फार भडक दिसेल." म्हणजे पाहुणे मांडवाच्या कापडाला शोभले पाहिजेत. कापड दिवसाच्या भाड्याचं, मावशी जन्माची, पण मान कापडाचा.

आता पूर्वीचा हिशेब बघा. पूर्वी यजमान पाहुण्यांना कपडे द्यायचे. मानाची साडी, टॉवेल-टोपी, जावयाला सफारीचं कापड. साडीवरून रुसवे व्हायचे, पण रंग ठरवणारा खर्चही करायचा. आताच्या यजमानाला रंग ठरवायचाय, बिल मात्र पाहुण्याने भरायचं.

मावशीने मात्र पैठणीवरून भाचीशी वाद घातला नाही. कपाटाचा खालचा कप्पा उघडला. तिथे आहेरात आलेल्या साड्यांची चळत होती, पुढच्या कुणाच्या तरी आहेरात सरकवायला ठेवलेली. मोतिया, बदामी, फिकट अबोली, पाण्यात धुऊन वाळवल्यासारखा पिस्ता. वीस-पंचवीस वर्षं जो रंग कुणी अंगाला लावला नव्हता, तो नेमका पीडीएफमधल्या ठिपक्याशी जुळला. फोटो ग्रुपवर पडताच भाचीचा फोन. "मावशी, काय सुंदर शेड आहे! कुठून घेतलीस?"

"तुझ्या आईने दिली होती, तुझ्या बारशाला. आवडली नव्हती मला."

आता अडलंय ते ब्लाउजपाशी. शिंपी म्हणतो, लगीनसराई आहे, पंधरा तारखेनंतर या. रिसेप्शन चौदाला आहे.