घराणं बघून सिनेमा

काका सिनेमा निवडतात तो स्थळ बघितल्यासारखा. गोष्ट काय, दिग्दर्शक कोण, हे त्यांच्या लेखी दुय्यम. आधी घराणं बघायचं, म्हणजे नावं. दोन नावं ओळखीची निघाली की पसंती झाली. पुढचं निभावून न्यायचं.

मिसिसागाला येऊन त्यांना तीस वर्षं होत आली. घराचं बेसमेंट हे त्यांचं थिएटर. शेजारी फर्नेस गुरगुरत असते आणि काकू विणकाम घेऊन कोपऱ्यात बसते. जानेवारीतल्या एका रात्री, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, त्यांनी 'द कॉलनी' लावला. २०१३चा, कॅनडातच झालेला.

"लॉरेन्स फिशबर्न आणि बिल पॅक्स्टन! एकाच सिनेमात! अरे, आणखी काय पाहिजे?"

आणखी बरंच काही पाहिजे होतं. हवामान ताब्यात ठेवणारी यंत्रं बिघडतात, बर्फ पडायला लागतो तो थांबतच नाही, उरलीसुरली माणसं जमिनीखाली राहू लागतात. कुणाला आजार झाला की दोनच वाटा: एकट्यानं बर्फात चालू पडा, नाहीतर गोळी खा. इथवर मी सरसावून बसलो होतो. एका खोकल्यानं अख्खी वसाहत कशी दचकते, एवढ्यावरच सिनेमा झाला असता. पण शेजारच्या वसाहतीचा संपर्क तुटतो, तिघं बघायला जातात आणि तिथे निघतात नरभक्षक. ते धावतात आणि किंचाळतात. मग पुन्हा धावतात.

काका मात्र चिवड्याची वाटी मांडीवर घेऊन वेगळाच सिनेमा बघत होते. "'अपोकॅलिप्स नाऊ'च्या शूटिंगला हा फिशबर्न गेला तेव्हा चौदा वर्षांचा होता. वय चोरून काम मिळवलं पठ्ठ्यानं." पॅक्स्टन दिसला की वाटी खाली. "टर्मिनेटर, एलियन, प्रेडेटर, तिघांच्याही तावडीत सापडलेला माणूस आहे हा! त्याला हे नरभक्षक काय करणार?"

एखादा संवाद फारच पडला, तर "लिहून दिलंय तेच म्हणणार ना बिचारा". फिशबर्न नुसता गप्प उभा राहिला, तर "बघ, कसा गप्प राहतो". इतक्या वर्षांत एकाही मोठ्या नटाला त्यांनी दोष दिल्याचं मला आठवत नाही. दोष लेखकाचा, कॅमेऱ्याचा, प्रसंगी फर्नेसच्या आवाजाचा.

सिनेमात मला खरं आवडलं ते भुयार. नॉर्थ बेला शीतयुद्धाच्या काळात जमिनीखाली साठ मजले खोल हवाई संरक्षणाचं ठाणं खोदलं होतं. ते बंद पडल्यावर त्यात हा सिनेमा चित्रित झाला. ते पाइप, ते अंधारे बोगदे, सगळं अस्सल. "या दोघांपेक्षा बोगद्यानं चांगलं काम केलंय," असं मी म्हणालो, आणि दहा मिनिटं चिवड्याची वाटी माझ्याकडे आली नाही.

मग फिशबर्न पुलावर डायनामाइटसकट गेला. सिनेमा संपायला अजून बराच अवकाश होता. काका काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला. पॅक्स्टन तर एव्हाना उघड उघड खलनायक झालेला. भाचा पत्त्यांच्या अड्ड्यावर सापडावा तसे काका ओशाळले. "घरी काही अडचण असेल, म्हणून घेतला असेल असला रोल," एवढंच पुटपुटले. शेवटी पॅक्स्टनही मेला. काका उठले, जॅकेट चढवलं, बूट घातले आणि फावडं घेऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला निघून गेले.

सकाळी चहाला त्यांनी हळूच विषय काढला. "शेवटी काय झालं गं?"

"ती मुलं वाचली," काकू म्हणाली. "बियाणं घेऊन निघाली, ऊन पडतं तिकडे."

"कुठली मुलं?"

"अहो, तो केव्हिन झेगर्स! सगळा सिनेमा त्याचाच तर होता. 'एअर बड'मधला नाही का, बास्केटबॉल खेळणाऱ्या कुत्र्याचा? आपल्या पोरांनी टेप झिजवली होती त्याची."

काकांनी कप खाली ठेवला.

"मग हे रात्री नाही का सांगायचं? थांबलो असतो की मी."