मुद्दल शाबूत आहे, काळजी नसावी

रेडिंग,
७ एप्रिल

ती. आईस,


परवा फोनवर तू विचारलंस, ‘पैसे साठतायत ना गं?’ आणि मी ‘आवाज तुटतोय’ म्हणून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता. म्हणून हे पत्र.

आधी तुझ्या जावयाचा पराक्रम. इथे पगारातून पेन्शनचे पैसे आपोआप कापतात आणि वर किमान ३ टक्के कंपनीला पदरचे घालावे लागतात. नको असेल तर महिन्याभरात कळवायचं. यांनी कळवलं! म्हणे, हातात पडेल तोच पगार. पेढ्यांचा पुडा घेऊन आलेल्या पाहुण्याला दारातूनच वाटेला लावावं, तसं झालं. तीन वर्षांनी नियमाप्रमाणे कंपनीने यांना पुन्हा पेन्शनीत ओढलं, तेव्हा मला हे सगळं कळलं. त्या रात्री जेवायला फक्त खिचडी होती.

मग आम्ही ‘आयसा’ खातं उघडलं. (बाबांना ‘ऐसा’ ऐकू आलं तरी चालेल.) त्यात वर्षाला २०,००० पौंड घालता येतात आणि वाढीवर कर नाही. आम्ही घातले १,२००. उरलेली मुभा पुढच्या वर्षी नेता येत नाही, ती ५ एप्रिलला रात्री बुडते. त्या रात्री हे इतके हळहळत होते, जणू १८,८०० पौंड घरात होते आणि चोरीला गेले. आणि करवर्ष ६ एप्रिललाच का, तर १७५२ साली इंग्रजांनी पंचांग बदलताना ११ दिवस गाळले. सरकारने ते दिवस करवर्षात मात्र भरून घेतले. पुढे १८०० साली आणखी एक. कर बुडू द्यायचा नाही, मग सूर्य कुठेही असो.

पैसे ठेवलेत ते जगभरच्या कंपन्यांच्या फंडात. भोगीच्या भाजीसारखं, सगळ्यातलं थोडं थोडं. एखादी शेंग किडकी निघाली तरी पातेलं वाया जात नाही. मला हे पटलं. पण पहिल्याच महिन्यात १०० चे ९४ झाले आणि यांची झोप उडाली. या फंडाचा भाव दिवसातून एकदाच ठरतो, हे मात्र दर दहा मिनिटांनी मोबाइल उघडतात. लहानपणी मी विरजणात बोट घालून बघायचे तेव्हा तू पाठीत धपाटा घालायचीस. जावयाला तो कोण घालणार?

चिरंजीवांच्या नावाने २५ पौंडांचे प्रीमियम बाँड घेतले. १९५६ साली निघालेली ही सरकारी योजना. व्याज मिळत नाही, दर महिन्याला सोडत निघते. लॉटरी म्हणून कपाळाला हात लावू नकोस, मुद्दल कधीही परत मागता येतं. सोडत काढणाऱ्या यंत्राचं नाव ‘अर्नी’. तो कुणीतरी काका आहे अशी चिरंजीवांची समजूत असून त्यांनी त्याला पत्र लिहिलंय.

भिशीतल्या बायकांना यातलं काही सांगू नकोस. ६ पौंड कुठे गेले म्हणून विचारतील.

तुझी,
बेबी

ता. क. अर्नीकाकांनी २५ पौंड पाठवले! चिरंजीवांनी ते त्यांच्या बाबांना उसने दिलेत. व्याजाने.