निशाविहाराचे अंदाजपत्रक

महानगरांच्या रात्रींविषयी सांप्रत जे प्रवासवाङ्मय प्रसिद्ध होते, त्याच्या कर्त्यांच्या मते रात्र ही सृष्टिक्रमातील घटना नसून खर्चाची एक बाब असावी. कारण दिवस मावळल्यावर मनुष्याने घरी जाऊन जेवावे आणि निजावे, असा जो पूर्वापार, निरुपद्रवी आणि जवळजवळ बिनखर्चाचा परिपाठ आहे, त्याचा त्या वाङ्मयात कोठेही उल्लेख आढळत नाही. मुंबईपुरते बोलायचे तर या मताला राजमान्यताही लाभलेली आहे. जानेवारी २०२० मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने या शहरास रात्रभर जागे राहण्याची मुभा दिली, अनिवासी भागांतील दुकाने, मॉल आणि उपाहारगृहे आठही प्रहर उघडी ठेवण्यास मंजुरी दिली, आणि मद्यालयांची वेळ मात्र रात्री दीडचीच कायम ठेवली. म्हणजे पहाटे तीन वाजता पाटलोण विकत घेण्याची नागरिकाची जी चिरकाल खोळंबलेली इच्छा होती ती पुरी झाली, आणि ज्या कारणाने तो त्या वेळी जागा असण्याचा संभव होता ते कारण तेवढे मागे राहिले. पुढे दोनच महिन्यांत महामारीने साऱ्या देशालाच घरी बसवले, त्यामुळे या धोरणाची परीक्षा लांबणीवर पडली, हे त्या धोरणाचे भाग्य.

आमचे मिरजेचे स्नेही तात्या, जे जिल्हा परिषदेच्या लेखाशाखेतून सेवानिवृत्त झाले असून ज्यांच्या सहीवाचून त्या कचेरीत एके काळी केरसुणीही खरेदी होत नसे, ते मध्यंतरी भाच्याच्या लग्नानिमित्त मुंबईस आले, आणि या नगरीची रात्र एकदा पाहावी परंतु पाचशे रुपयांवर एक पैही खर्ची पडू नये, असा संकल्प सोडून, त्या रकमेची वाहतूक, पान, खाद्य व संकीर्ण अशा चार शीर्षांखाली विभागणी करून आमच्या दारी उभे राहिले. एखाद्या शीर्षात कमी पडले तर काय, असे आम्ही विचारले.

"पुनर्विनियोजन करू," तात्या म्हणाले. "पुरवणी मागणी मात्र मान्य होणार नाही."

प्रारंभ अर्थातच कुलाब्यापासून केला. गेटवेपाशी उभे राहून ताजमहाल हॉटेलचे दर्शन घेतले. त्याच्या पोटात जो हार्बर बार आहे तो १९३३ सालचा आणि शहरातील बारचा पहिला परवाना त्याच्याच नावचा, असे आम्ही सांगितले, तेव्हा तात्यांनी तिकडे तोंड करून हात जोडले आणि पुढे पाऊल टाकले नाही, कारण देवदर्शन लांबून घेतले तरी पुण्य तेवढेच लागते, ही समजूत त्यांच्या घराण्यात जुनी आहे. लिओपोल्ड कॅफे १८७१ सालापासून जवळच कुलाबा कॉजवेवर उभा आहे. तेथे पाठपिशव्या टेबलाखाली सारून बसलेली काही गोरी मुले बिअरचा एक उंच नळकांडीवजा मनोरा मधोमध ठेवून, तोटी फिरवून, आळीपाळीने पेले भरून घेत होती, आणि हिंदुस्थान किती स्वस्त आहे याविषयी परस्परांत आश्चर्य व्यक्त करीत होती. त्या मनोऱ्याचा दर तात्यांनी दरपत्रकात पाहिला. स्वस्ताई हा पदार्थाचा गुण नसून विनिमयदराचा गुण आहे, हा अर्थशास्त्रातील सिद्धान्त त्यांना सेवेत असताना कोणी समजावून सांगितला नव्हता, तो तेथे फुटपाथवर उभ्या उभ्या उमगला. शेजारच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी रंगवलेली माणसे आहेत, ती पाहण्यास पैसे पडत नाहीत. परंतु ती नीट पाहायची तर बसावे लागते, आणि मुंबईत बसणे हीच सर्वांत महाग गोष्ट आहे.

हे विधान आम्ही विचारपूर्वक करीत आहो. परगावच्या मनुष्याची अशी समजूत असते की या शहरात दारू महाग आहे. वस्तुतः ताजच्या पाठीमागे टुलक रोडवर गोकुळसारखी जी मद्यालये आहेत आणि जेथे कारकून, विद्यार्थी, खलाशी व वर वर्णिलेल्या गोऱ्या मुलांपैकी ज्यांचे पैसे संपत आले आहेत ती, असे सर्वजण एका पंक्तीस बसतात, तेथे किंवा दादर-गिरगावच्या कोणत्याही शेट्टींच्या परमिट रूममध्ये गेल्यास असे दिसून येईल की कंपनी तीच, बाटली तीच, मापही तेच असताना तळमजल्यावर पंख्याखाली एक दर आहे, आणि जिना चढून गार हवेत गेल्यास दुसरा आहे. मधल्या दहा-पंधरा पायऱ्यांवर मद्यात कोणतेही रासायनिक परिवर्तन घडत नाही. गिऱ्हाईक मोबदला देते तो खुर्चीच्या गादीचा, यंत्राच्या गारव्याचा, आणि आपल्याला कोणी ओळखू नये म्हणून राखलेल्या काळोखाचा. ज्याला ओळखीचे कोणी भेटण्याची भीती नाही, त्याला मुंबईची रात्र बरीच स्वस्त पडते. आणि परगावच्या पाहुण्यास ही जी नैसर्गिक सवलत आहे, तिचा उल्लेख एकाही मार्गदर्शिकेत नसावा, हे आश्चर्य आहे.

अशाच एका तळमजल्यावर आम्ही स्थानापन्न झालो. वेटरने क्वार्टर आणली, ती न फोडता टेबलावर उभी केली आणि साहेबांनी सील पाहून घ्यावे म्हणून दोन पावले मागे सरून तो उभा राहिला. कोषागाराच्या थैलीची लाख ज्यांनी हयातभर तपासली, त्या तात्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते बूच सर्व बाजूंनी न्याहाळले, बाटली उजेडाशी धरली, मान डोलावली, आणि मगच तिचा स्वीकार झाला. पाठोपाठ उकडलेले चणे, खारे शेंगदाणे व काकडीच्या चकत्या यांची एक स्टीलची बशी आली. तिची किंमत किती, असे तात्यांनी विचारले असता वेटर म्हणाला, "चकना आहे साहेब, फ्री."

सरकारी नोकराला फुकट या गोष्टीची जितकी सवय असते तितकीच तिची धास्तीही असते. मोबदल्यावाचून मिळालेल्या वस्तूची नोंद कोणत्या वहीत करावी, या विवंचनेत तात्यांनी पहिली बशी संपवली. दुसरी आपण होऊन आली. तिसरीस वेटरकडे किंचित पाहावे लागले. आणि चौथीस वेटर आमच्याकडे पाहू लागला. तोपर्यंत खाद्य या शीर्षाखालील संपूर्ण रक्कम शिल्लक पडल्याचे तात्यांच्या ध्यानी येऊन त्यांनी ती जागच्या जागी पान या शीर्षाकडे वर्ग केली होती.

इतके झाल्यावर ते उठले आणि गल्ल्यापाशी जाऊन त्यांनी आपला एक दिवसाचा परवाना मागितला.

येथे काही पूर्वपीठिका सांगणे प्राप्त आहे. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी या शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग केला, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाने ती प्रांतभर कायम केली. तिचा जाच इतका होता की अल्कोहोल असलेली औषधे आणि अत्तरेही तीत अडकली. बलसारा नावाच्या एका गृहस्थांनी दावा लावला आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधने तेवढी सोडवली. साठोत्तर काळात बंदी सैल पडली. परंतु ज्या अधिनियमाने ती आली, तो अधिनियम रद्द झाला नाही, तो आजही चालू आहे. म्हणजे या राज्यात कायद्याने दारूबंदी आहे, आणि जो जो पितो तो तो एक अपवाद आहे. अपवादास परवाना लागतो: एका दिवसासाठी विदेशी मद्याचा पाच रुपयांना, देशीचा दोन रुपयांना, वर्षाचा शंभर, आणि आजन्म हजार. अठराव्या वर्षी आमदार निवडण्यास आणि एकविसाव्या वर्षी संसार थाटण्यास पात्र ठरणारा इसम व्हिस्कीच्या पेल्यास मात्र पंचविसाव्या वर्षापर्यंत पात्र ठरत नाही. त्यावरून पहिल्या दोन गोष्टींचे परिणाम सोसण्याची पुरेशी वर्षे गाठीशी असावीत, असाच कायदेकर्त्यांचा हेतू दिसतो.

गल्ल्यावरचे शेट हिशेबाच्या यंत्रातून मान वर काढून बराच वेळ तात्यांकडे पाहत राहिले.

"साहेब, तुम्ही एक्साइजचे का?"

"नाही. मी पिणारा आहे."

"पिणारा कधी परमिट मागत नाही, साहेब."

तरीही ते गृहस्थ सज्जन होते. त्यांनी खण उघडला, खालचा खण उघडला, उदबत्तीचे पुडे व तुटलेले कॅल्क्युलेटर बाजूस सारले, आणि अखेर एक पुस्तिका काढली. तीत गेल्या कित्येक दिवसांचे परवाने एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात आणि एकाच सपाट्यात भरलेले होते. आडनावे केवळ पाटील आणि शर्मा अशी दोनच असून त्या दोन्ही कुळांतील पुरुषांनी आळीपाळीने, एकही दिवस न चुकवता, या तळमजल्यास हजेरी लावलेली होती. तात्यांनी पाने चाळली. हिशेब जुळतो तेथे लेखनिकाने अधिक खोलात जाऊ नये, हा सेवेतील अनुभव त्यांना स्मरला असावा; कारण त्यांनी काही न बोलता पाच रुपये ठेवले, स्वतःचे नाव, वय व मिरजेचा पत्ता स्वहस्ते लिहिला, आणि पावती घडी करून पाकिटात घातली. त्या पुस्तिकेतील बहुधा तेवढे एकच नाव जिवंत मनुष्याचे असेल.

बिल आले तेव्हा त्यांची कळी खुलली. बिअरबारमध्ये बसून बिल पाहून आनंदित झालेला मनुष्य आम्ही तत्पूर्वी पाहिला नव्हता. मद्यालयांतील विक्रीवरचा व्हॅट पूर्वी शेकडा पाच होता तो दहा झालेला आहे. शिवाय जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करण्यात आले आणि १८० मिलिलीटरच्या बाटलीस किमान दराचे एक चातुर्वर्ण्यच सरकारने स्थापन केले: देशी ८० रुपये, धान्यापासून केलेले नवे 'महाराष्ट्र मेड' १४८, विदेशी २०५, आणि उंची विदेशी ३६०. याच्या निषेधार्थ बारमालकांनी १४ जुलैस राज्यभर बंद पाळला, तेव्हा एका दिवसापुरती का होईना, १९४९ च्या कायद्याची यथार्थ अंमलबजावणी झाली, आणि ती सरकारच्या प्रयत्नांनी झाली नाही. तात्यांनी बिलाच्या पाठीवर त्रैराशिक मांडले. आपण पितो त्याचा मोठा हिस्सा राज्याच्या तिजोरीत जातो. राज्याच्या तिजोरीतून आपले निवृत्तिवेतन येते. तेव्हा हा खर्च नसून निधीचे परिभ्रमण आहे.

"मधल्यामध्ये यकृताचा काय तो घसारा," ते म्हणाले, आणि अर्धा पेग आणखी मागवण्याजोगी रक्कम संकीर्णात उरली आहे काय, हे पाहू लागले.

त्यानंतर परळकडे जाण्याचे आम्हीच सुचवले, आणि ती सूचना वाहतूक या शीर्षास महागात पडली. जेथे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि जेथले भोंगे पुढे कायमचेच थांबले, त्या आवारांपैकी कित्येकांत आज मद्यालये आहेत. जुन्या विटा मुद्दाम उघड्या ठेवल्या आहेत, छताच्या लोखंडी तुळया रंगवून झळकवल्या आहेत, आणि ज्या पेल्यात गिरणीच्या नाक्यावर कटिंग मिळे तशाच पेल्यात काहीतरी निळे पेय, काठावर लिंबाची चकती लावून, देण्यात येते. दाराशी काळ्या पोशाखातील एक धिप्पाड तरुण उभा होता. त्याने आम्हा दोघांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले आणि सौम्यपणे सांगितले की केवळ पुरुषांना प्रवेश नाही, जोडपे असावे लागते.

तात्या गोंधळले नाहीत. परंतु त्यांचे वडील तरुणपणी काही वर्षे याच भागात गिरणीत होते, त्यामुळे त्यांना या नियमाचा इतिहास विचारल्यावाचून राहवले नाही. त्या काळी या वस्तीत एका खोलीत वीस-वीस पुरुष पाळ्या लावून निजत, त्यांची बायका-मुले कोकणात वा घाटावर गावीच असत, ते स्वतः खानावळवाल्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवत, आणि खोलीत जोडपे आणलेच तर बाकीच्या एकोणीसजणांनी जावे कोठे, हा प्रश्न उभा राही. "म्हणजे तेव्हा जोडप्याला मज्जाव होता, आणि आता जोडप्यावाचून मज्जाव आहे," असे ते त्या तरुणाला समजावून सांगू लागले. तरुणाने ऐकून घेतले. त्याचे गाव साताऱ्याकडचे निघाले, तो स्वतः डोंबिवलीहून येत असे, आणि आतल्या एका पेयाची किंमत त्याच्या एका रात्रीच्या मेहनतान्याहून फारशी कमी नाही, हे त्याने आपण होऊन सांगितले.

मध्यरात्र होत आली होती. मुंबईतील उपनगरी गाड्या एकच्या सुमारास निजतात आणि चारच्या सुमारास उठतात. मद्यालये दीडला मिटतात. म्हणजे कायद्याने दिलेल्या मुदतीचा पुरेपूर लाभ जो घेईल त्यास टॅक्सी करणे भाग आहे, आणि ज्याच्या अंदाजपत्रकात टॅक्सी नाही त्याने कायद्याच्या अर्धा-पाऊण तास अलीकडेच तृप्त व्हावे, अशी ही व्यवस्था आहे. तात्या साडेबारास तृप्त झाले. स्टेशनाबाहेरच्या गाडीवर भुर्जीपाव खाल्ला, तो संकीर्णातून.

मिरजेस परतल्यावर त्यांचे पत्र आले. त्यांनी आजन्म परवान्याचा साधकबाधक विचार केलेला होता. हजारास पाचने भागले असता दोनशे सायंकाळ येतात. आपले वय, प्रकृती आणि मुंबईस येण्याचे प्रसंग पाहता ती रक्कम वसूल होण्यास एकशेचाळीसपर्यंत जगावे लागेल, आणि तितक्या मुदतीचे निवृत्तिवेतन सरकारला परवडणार नाही. सबब दिवसाच्या परवान्यावरच राहण्याचे त्यांनी निश्चित केले असून, पुढील खेपेची तारीख आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी आणि गांधीजयंती या कोरड्या तिथी वगळून, शिवाय आचारसंहिता पाहून, कळवावी, अशी त्यांनी आम्हांस आज्ञा केली आहे.