शासन, म.

पीएच.डी. करणाऱ्या माणसाला ‘कुठवर आलं?’ असं विचारू नये, एवढी समज आमच्या घरातल्या शेंबड्या पोरांनाही आली आहे. तरी दिवाळीत कोणीतरी माझ्या भाचीला ते विचारलंच. ती म्हणाली, ‘झालाय प्रबंध. फक्त संदर्भसूची राहिलीय.’ हे ‘फक्त’ म्हणजे ‘स्थळ उत्तम आहे, फक्त पत्रिका जुळायचीय’ यातलं फक्त.

माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात तालिकेची कार्डं लिहिण्यात गेली. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, पूर्णविरामानंतर किती जागा सोडायची, हे सगळं हाडीमाशी खिळलेलं. मी लगेच पदर खोचला. पण भाचीला माझी गरज नव्हती. ‘मावशी, आता फुकट वेबसाइट आहेत. लिंक टाकायची, बटण दाबायचं, नोंद तयार. एपीए म्हण, एमएलए म्हण, हार्वर्ड म्हण!’

या शैलींचे नखरे पाहिले की बटणाचा मोह कुणालाही व्हावा. कंसात लेखकाचं आडनाव आणि साल द्यायची जी पद्धत हार्वर्डच्या नावाने ओळखली जाते, तिचा उगम तिथले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या 1881च्या निबंधात सांगतात. निबंधाचा विषय होता बिनशंखाची गोगलगाय. आपल्याकडे प्रबंध ज्या गतीने पुढे सरकतात ती पाहता हे कुळ अगदी शोभून दिसतं. एपीएचे नियम 1929 साली सात पानांत मावत होते, आज त्यांचं पुस्तक चारशे पानांच्या वर गेलं आहे. त्याच्या 2019च्या सातव्या आवृत्तीने तर पुस्तकाचं प्रकाशनस्थळ लिहायची गरजच नाही, असं जाहीर करून टाकलं. पुस्तक पुण्यात निघालं हे सांगायची गरज नाही! सदाशिव पेठेने हा निर्णय अजून मनावर घेतलेला नाही.

तर भाचीने बटणं दाबली आणि सूची तपासायला माझ्याकडे दिली. दिसायला काय देखणी! स्वल्पविराम जागच्या जागी, तिरपे ठसे नेमके, दुसऱ्या ओळीपासूनचा समास शाळेच्या कवायतीला लाजवेल असा. मी चष्मा लावला आणि पहिल्याच पानावर एका थोर विद्वानांची गाठ पडली: ‘शासन, म.’

या शासनरावांचा व्यासंग दांडगा. पाटबंधारे, तूरडाळ, प्राथमिक शिक्षण, मराठी भाषा. एकाच वर्षात सगळ्यांवर ग्रंथ. मग लक्षात आलं, लेखकाच्या रकान्यात ‘महाराष्ट्र शासन’ गेलं होतं आणि यंत्राने शेवटचा शब्द आडनाव समजून पुढे ओढला होता. बिचाऱ्याचा तरी काय दोष? ते पुस्तक उघडत नाही. वेबपानाच्या पोटात लेखक, शीर्षक, तारीख अशा चिठ्ठ्या कुणीतरी डकवलेल्या असतात, त्या उचलून ते ठरलेल्या साच्यात बसवतं. चिठ्ठी चुकली की नोंद चुकली, आणि चिठ्ठी नसली तर मिळेल त्यावर भागवायचं. म्हणून ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ आलेल्या बातमीच्या लेखकाचं नाव ‘प्रतिनिधीकडून, आ.’ असं झालं होतं. हे आडनाव कोकणातलं की देशावरचं, ते कळेना. एका नोंदीत पुस्तकाचं नाव होतं ‘पेज नॉट फाउंड’. म्हणजे न सापडलेल्या पानाचाही आधार घेऊन झाला होता.

कळस पुढेच होता. संत ज्ञानेश्वर झाले होते ‘ज्ञानेश्वर, सं.’ आणि आपल्याकडे ‘सं.’ म्हणजे संपादक! नऊ हजार ओव्या सांगून माऊलींच्या वाट्याला संपादकपद आलं. ज्ञानेश्वरीचं संपादन खरोखर केलं ते एकनाथांनी, शके 1506 मध्ये. आणि गंमत पाहा, संत एकनाथांचंही यंत्राने ‘एकनाथ, सं.’च केलं होतं. सबंध पानात तेवढी एकच नोंद बरोबर, तीही चुकून. मात्र पुढे साल पडलं होतं नुसतं 1506. शकाचा इसवी सन करायला 78 मिळवायचे असतात, हे यंत्राला कोण सांगणार? त्यामुळे नाथांनी आपल्या जन्माआधीच ज्ञानेश्वरी शुद्ध करून ठेवली.

‘अगं, पण स्वल्पविराम बघ ना किती अचूक आहेत!’ भाची म्हणाली. तिथेच तर ग्यानबाची मेख आहे. गबाळी चूक लगेच डोळ्यांत खुपते. इस्त्री केलेल्या चुकीला आपण उठून खुर्ची देतो. माझ्या कार्डांवर शाईचे डाग असत, पण कार्ड लिहिण्याआधी पुस्तक हातात घ्यावंच लागे. त्या निमित्ताने निदान पहिलं पान वाचून होई.

‘मावशी, खरं सांगू? सूची वाचतं कोण?’ भाचीचा पुढचा मुद्दा. वाङ्मयचौर्याबद्दलच्या यूजीसीच्या 2018च्या नियमांत साम्य मोजताना संदर्भसूची वगळतात, हेही तिने ऐकवलं. म्हणजे यंत्रसुद्धा ती वाचत नाही! तरीही मी शासनरावांना मूळपदावर आणलं, माऊलींना ग्रंथ परत केला, नाथांचं साल दुरुस्त केलं. भाचीने सुस्कारे सोडत सगळं पुन्हा टाईप केलं.

खुल्या मौखिक परीक्षेला आम्ही सगळे नटूनथटून हजर. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध हातात घेतला आणि थेट शेवटून उघडला. सूचीवरून त्यांचं बोट सावकाश खाली उतरू लागलं. माझा ऊर भरून आला. जगात सूची वाचणारा एक तरी माणूस होता. एका जागी बोट थांबलं, चेहरा उजळला, प्रबंध मिटला. पुढचे प्रश्न म्हणजे नुसते लाड होते.

बाहेर समोसे वाटले जात असताना मी भाचीला म्हटलं, ‘बघ, मी तपासलं म्हणून निभावलं.’

‘त्यांचं नाव तुझ्याकडे तपासायला आलंच नव्हतं, मावशी,’ ती म्हणाली. ‘त्यांची पुस्तकं मी पहिल्याच दिवशी हाताने टाईप केली होती. सगळीच्या सगळी.’